अर्ध्यावरचा खांब

त्या वर्षी पावसाळा सरला आणि पाणी निवळलं, तेव्हा घरामागची खाडी साठ-सत्तर पावलं लांब जाऊन बसली होती, घराशी काही बिनसल्यासारखी. मधल्या जागेत राखाडी, तुळतुळीत गाळ पसरला होता. पूर्वी परसाच्या शेवटच्या पायरीला होडी बांधता येई. आता त्या पायरीवर खेकडे ऊन खात बसत आणि माणसाची चाहूल लागली तरी सावकाश उठत.

घरात तिघं. सुतार, त्याची बायको आणि त्याची आई. सुतार होड्या दुरुस्त करी. बोलणं कमी, हात चांगला. आईनं चाळीस वर्षं खाडीच्या चिखलातून शिंपल्या वेचल्या होत्या, आणि सून घरात आल्यापासून दोघी मिळून वेचीत. खाडीपलीकडच्या वाळूच्या दांड्यावरून शिंपल्या आणायच्या म्हणजे होडी लागे, आणि भरलेली होडी लावायला आता एकच जागा उरली होती. ठेकेदाराचा धक्का.

धक्क्याचा एक नियम होता. तिथे होडी लावणाऱ्यानं माल तिथल्याच काट्यावर घालायचा आणि तिथेच द्यायचा. आईनं आठ दिवस तो पाळला. नवव्या दिवशी तिनं टोपली काट्यावरून उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली आणि रांगेतल्या वीसेक बायकांच्या देखत म्हणाली, "चाळीस वर्षं ही टोपली माझ्या डोक्यावर आहे. माझी मान खोटं बोलत नाही. हा काटा बोलतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची होडी रांगेत शेवटची झाली. तोंडानं कुणी काही म्हणालं नाही. त्यांची पाळी आली की पुढे आणखी एक होडी निघे, एवढंच. शिंपल्या दुपारपर्यंत उन्हात राहत आणि तोंडं उघडत. तोंड उघडलेली शिंपली कुणी घेत नाही. आठवडाभर दोघी बायका भरलेल्या टोपल्या परत खाडीत ओतत राहिल्या. मग ठेकेदाराचा निरोप आला: म्हातारीनं यावं, सगळ्यांसमोर काटा बरोबर आहे असं म्हणावं, झालं गेलं विसरून जाऊ.

"विसरायची त्याला घाई दिसते," आई म्हणाली. ती पडवीत टाचांच्या भेगांत तेल भरत बसली होती. "मला नाही."

"मग करायचं काय?" सुतारानं विचारलं.

"पाणी लांब गेलंय, तर आपण पाण्यापर्यंत जायचं. आपला धक्का बांधायचा."

सून हसली. मग सासूच्या चेहऱ्याकडे पाहून हसायची थांबली आणि म्हणाली, "खांब कशाचे?"

खांबांची सोय तिच्या भावानं केली. तो ट्रॅक्टर चालवी, आणि ट्रॅक्टरला असलेला ब्रेक त्याच्या जिभेला नव्हता. टेलिफोनच्या जुन्या तारा उतरवून दोन वर्षं झाली होती. लाकडी खांब रस्त्याकडेच्या गवतात आडवे पडून होते. "उचलून नेलेत तर उपकार होतील, म्हणाला हापिसातला माणूस," मेहुण्यानं सांगितलं. "मी म्हटलं, उपकार करायला आमचे दाजी एका पायावर तयार असतात."

अकरा खांब कामाचे निघाले. बुडाशी कुजलेला भाग सुतारानं करवतीनं उडवला, टोकं वाकसानं तासली. फार अणकुचीदार केली नाहीत, कारण फार बारीक टोक आत जाऊन वळतं. ठोक्यांनी डोकं चिरू नये म्हणून बैलगाडीच्या जुन्या चाकांच्या लोखंडी धावा कापून, तापवून प्रत्येकाला लोखंडी कडं चढवलं. गॅरेजमधून आणलेलं जळकं तेल दोघी बायकांनी चिंध्यांनी फासलं. आठ दिवस घराला, कपड्यांना, घासाला तोच वास होता.

बारावा खांब मात्र मिळेना. तो सर्वांत पुढचा, खोल पाण्याच्या कडेचा. भरलेल्या होडीचा सगळा ओढा त्याच्यावर यायचा होता. सुतारानं वखारीत दोन खेपा घातल्या आणि हात हलवीत परत आला. आईनं पडवीच्या आढ्याकडे पाहिलं. तिथे नऊ वर्षं सुताराच्या वडिलांच्या होडीची डोलकाठी टांगलेली होती. होडी फुटून मोडीत गेली होती, माणूस त्याच साली गेला होता.

"ती काढ," आई म्हणाली.

सुतार जागचा हलला नाही.

"बघतोस काय? मला काय ती जड जात नाही होय? पण नऊ वर्षं आडवी पडून आहे. उभं राहायचं लाकूड आहे ते."

पहिला खांब काठापासून दहा पावलांवर रोवायचा होता. ओहोटी लागली तशी त्यांनी परसाचं दार बिजागऱ्यांतून उचलून चिखलावर आडवं टाकलं आणि त्यावर तिकाटणं उभं केलं. दाराशिवाय तिकाटण्याचेच पाय आधी बुडाले असते. तीन लांब बांबू, माथ्यावर कप्पी, कप्पीतून दोर, दोराच्या टोकाला वजन. वजन म्हणजे जाड लोखंडी नळाचा मांडीएवढा तुकडा, आत भंगार कोंबून वर सिमेंट ओतलेला. तिघांनी कमरेतून ओढला की वर जाई आणि सोडला की आपल्या जागी निवांत बसे. मेहुण्यानं त्याचं नाव जावई ठेवलं.

"मला मुलगी नाही," आई म्हणाली.

"म्हणून तर. कधीतरी तुमच्याही नशिबी सरबराई यायला नको का?"

हाकारा आईचा होता. तिनं "उचल" म्हटलं की सुतार, त्याची बायको आणि मेहुणा दोरासकट मागे झुकत. "सोड" म्हटलं की तिघांच्या मुठी एकदम उघडत. खांब भराभर आत जाऊ लागला. वरचा गाळ त्यानं नुसत्या ओझ्यानं फाडला, खालच्या निळसर मातीतही ठोक्याला चार बोटं शिरू लागला. निम्म्याहून अधिक गेला असेल, तेव्हा सुतारानं हात वर केला. कड्याखाली लाकडाचे तंतू फुलले होते. हात लावला तर डोकं गरम लागत होतं. होडीच्या वाकात, म्हणजे आतल्या फासळीत, लांब खिळा ठोकताना तो असाच मध्ये थांबे. लाकूड दमतं, त्याला दम खाऊ द्यावा, हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं, आणि वीस वर्षांत ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

"विसावा देऊ याला," तो म्हणाला. "तोवर आपणही जेवून घेऊ."

ते पाऊण तासानं परतले. आईनं हाकारा दिला, वजन पडलं, आणि आवाज निराळा आला. भरीव, कोरडा, दगडावर पडल्यासारखा. खांब हलला नाही. दहा ठोके झाले, वीस झाले. चाळिसाव्या ठोक्याला कडं सुटून चिखलात उडालं आणि खांबाचं डोकं उभं चिरलं. दोर बांधून उपटायला गेले तर तिकाटणंच वाकू लागलं. खांब दीड पुरुष उंच, जरासा कलता, होता तिथे राहिला. ना आत, ना बाहेर.

ठेकेदाराच्या धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यात बारकी होती. दारातून आडवं होऊन शिरावं लागेल अशी ही बाई कोणे एके काळी बारीक होती म्हणे, नाव तेव्हाचं. तिचा आवाज पाण्यावरून सहज आला. "धक्का म्हणतात होय याला? मला वाटलं, कपडे वाळत घालायचेत."

सगळा धक्का हसला. आईनं लुगड्याचा ओला घोळ पिळला आणि ती घरात गेली. सुताराला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, लाकूड पाहून येतो असं सांगून तो निघाला आणि ठेकेदाराच्या शेडमध्ये गेला. आपण काय करायला चाललो आहोत हे त्यानं वाटेत स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नाही. रात्रभर त्याला तो कलता खांब दिसत होता आणि आईचे पाय दिसत होते; एवढी दोन कारणं त्याला पुरेशी वाटली होती.

ठेकेदार खुर्चीत बसून कान कोरत होता. "ये. बोल."

"आईच्या वतीनं माफी मागायला आलोय," सुतार म्हणाला. त्यानं हात जोडले.

"तिच्या वतीनं. बरं. ती काटा खोटा म्हणते. तू काय म्हणतोस?"

सुतारानं जोडलेले हात खाली घेतले.

"असं कर, उभा राहा त्यावर. माणसानं आपल्या डोळ्यांनी बघून बोलावं." शेडमधल्या हमालांनी कामं थांबवली. सुतारानं चपला काढल्या, कुणी सांगितलं नसताना, आणि तो काट्याच्या फळीवर उभा राहिला. काटेवाल्यानं आकडा मोठ्यानं वाचला. "एक्कावन्न." कुणीतरी म्हणालं, ओला असेल तर. हशा झाला.

सुतारानं मान खाली घातली होती. म्हणूनच त्याला ते दिसलं. फळी आणि खालची चौकट यांच्या फटीत, उजव्या अंगाला, लाकडाची एक पाचर बसवलेली होती. करंगळीएवढी, सागाची, आडव्या रेषेत कापलेली. रांगेतून ती कधी दिसली नसती. फळीवर ठेवलेल्या ओझ्याचा काही भाग ती गुपचूप आपल्या अंगावर घेत होती.

"बरोबर आहे काटा?" ठेकेदारानं विचारलं.

"बरोबर आहे," सुतार म्हणाला.

"शाबास. आता तिला घेऊन ये. तू म्हणालास तेवढंच तिनं म्हणायचं."

तो घरी परतला. परसात येऊन पाहतो तर आई चिखलात, त्या अडकलेल्या खांबाजवळ मांडीभर रुतून उभी. त्याला वाटलं, बुडते आहे. तो धावला.

"तिथेच थांब," ती म्हणाली. "बघ इकडे. मी उभी राहिले की हा चिखल धरतो. आधी घोटा धरतो, मग गुडघा. जितका वेळ उभी, तितका घट्ट. आणि हलत राहिलं," तिनं एक पाय किंचित डोलवला, मग दुसरा, आणि सोळा वर्षांच्या मुलीसारखी चार पावलं चालून दाखवलं, "की सोडतो. चाळीस वर्षं मी चिखलात कधी उभी राहिले नाही. गप्पा मारतानासुद्धा पाय चालू. तुला लाकूड कळतं, मला हा कळतो. काल तू लाकडाचं ऐकलंस आणि मी तुला ऐकू दिलं. माझी चूक."

"म्हणजे?"

"म्हणजे खांब एकदा सुरू केला की थांबवायचा नाही. डोकं फुटलं तर फुटू दे. विसावा मिळाला की चिखल त्याला आपला म्हणतो."

सुताराला त्याच वेळी सगळं सांगून टाकता आलं असतं. आई कमरेपर्यंत चिखलानं माखली होती आणि तिचा चेहरा, नऊ वर्षांत प्रथमच, आनंदी दिसत होता. तो म्हणाला, "उद्या दुसरा घेऊ."

मग कामाला रीत आली. खांब उभा करण्याआधी सगळ्यांनी पाणी प्यायचं, मोकळं व्हायचं, चुलीवरचं उतरवून ठेवायचं. एकदा पहिला ठोका पडला की शेवटपर्यंत कुणी दोर सोडायचा नाही. तिसऱ्या खांबाला बायकोच्या तळहाताची साल निघाली. तिनं जुन्या साडीची पट्टी गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी ती पट्टी जखमेला चिकटली म्हणून तशीच ठेवून वर दुसरी गुंडाळली. चौथ्याला पाऊस आला. दोर भिजून मुठीतून निसटू लागला, तेव्हा मेहुण्यानं त्याला राख चोळली. सहाव्याच्या वेळी मेहुण्याच्या पाठीत उसण भरली आणि तो वाकड्या अंगानं ओढत राहिला. "जावयाची सेवा करता करता सासऱ्याचा जीव जातो, तो असा," तो कण्हत म्हणाला, आणि तिघांना हसू आल्यानं एक ठोका चुकला. आईनं हाकारा थांबवला नाही. तिचा आवाज आठव्या खांबाला बसला. मग ती पत्र्याचा डबा वाजवू लागली. एक टोला उचलायला, दोन सोडायला.

अकरा खांब उभे राहिले. पहिल्याचं चिरलेलं डोकं सुतारानं इतरांच्या पातळीवर कापून टाकलं. कलता होता, पण आडव्या तुळया त्यालाही बसल्या. शेडमध्ये घडलेलं तो कुणाला बोलला नाही. दोर ओढताना त्याला बरं वाटे, कारण दोर ओढताना कुणी डोळ्यांत पाहत नाही.

बाराव्या खांबाची जागा फक्त अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला उघडी पडे, आणि तीही जेमतेम दोन तास. त्या दिवशी ऊन कडक होतं. घोटाभर पाण्यात दार टाकलं, तिकाटणं रोवलं, डोलकाठी उभी केली. तिच्या माथ्याजवळ दोर फिरून फिरून पडलेली खाच अजून होती. सुतारानं त्याच टोकाला कडं चढवलं होतं. आईनं डबा वाजवला.

डोलकाठी इतर खांबांहून सडपातळ आणि चिवट होती. सावकाश जाई, पण प्रत्येक ठोक्याला जाई. निम्मी गेली तेव्हा खोल पाण्याच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला. ठेकेदाराची होडी होती. तो उभा होता, शेजारी काटेवाला होता. मागून दांड्यावरून परतणाऱ्या बायकांच्या पाच-सहा होड्या येत होत्या. त्या कुतूहलानं थांबल्या. बारकीची सर्वांत पुढे होती.

"थांबवा," ठेकेदार म्हणाला. "मावशी, थांबवा ते. बोलायचंय."

टण. टण-टण. वजन वर गेलं, खाली आलं.

"बोल की," आई म्हणाली. आवाज घोगरा, पण पोचणारा. "आम्ही कानांनी ऐकतो, हातांनी नाही."

"पाण्यात खांब ठोकायला परवानगी लागते."

"तुझी कुठे टांगलीयेस ते दाखव. शेजारी माझी टांगते."

होड्यांमधून कुणीतरी खाकरलं. ठेकेदारानं तिकडे पाहिलं, मग तिकाटण्याकडे पाहिलं. पहिल्या खांबाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, त्यालाही असणार. त्याला भांडायचं नव्हतं. त्याला फक्त थोडा वेळ हवा होता. तो सावकाश, मायेनं बोलू लागला.

"मावशी, कशाला हे सोंग? तुमच्याच घरचं माणूस माझ्याकडे येऊन गेलंय. हात जोडून. हा, हा तुमचा सुतार. माझ्या काट्यावर उभा राहिला आणि शेडभर माणसांसमोर म्हणाला, काटा बरोबर आहे. विचारा त्याला. का रे, म्हणालास का नाही?"

वजन अर्ध्या उंचीवर होतं. दोर सुताराच्या तळहातातून वीतभर सरकला आणि वजन हेलकावलं. मेहुणा त्याच्याकडे पाहू लागला. पाच-सहा होड्या त्याच्याकडे पाहू लागल्या. आईकडे पाहण्याचं धैर्य त्याला झालं नाही. डब्याचा टोला त्याच्या कानात उरलेला होता आणि पुढचा येत नव्हता. घोट्याभोवतीचं पाणी नडगीवर चढू लागलं होतं. भरती वळली होती.

"अहो," शेजारून बायको हलकेच म्हणाली. ती समोरच पाहत होती. दोराचा सगळा भार एकटीच्या खांद्यावर घेतल्यानं तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. "दोर."

त्यानं दोर धरला.

टण-टण. वजन पडलं. डोलकाठी हलली, दोन बोटं आत गेली.

"किती भरला रे?" आईनं ठेकेदाराला विचारलं. टण.

"काय?"

"माझा मुलगा. तुझ्या काट्यावर." टण-टण. "किती भरला?"

ठेकेदार गोंधळला. काटेवाल्यानं सवयीनं उत्तर दिलं. "एक्कावन्न."

"घरून निघाला तेव्हा अठ्ठावन्न होता," आई म्हणाली. "म्हणजे माझ्या पोटच्या पोरातूनही सात किलो खाल्लेस. पोट कसं दुखत नाही तुझं?"

आधी बारकी हसली. मग मागच्या होड्या हसल्या, आणि हे हसणं त्या दिवशीच्या हसण्यासारखं नव्हतं. सुताराला ठाऊक होतं की आईनं त्याला आयुष्यात कधी तोललेलं नाही. घरात काटा नव्हता. तिनं तो आकडा तिथल्या तिथे, डब्याच्या दोन टोल्यांच्या मधल्या जागेत, त्याच्यासाठी घडवला होता. दोर ओढता ओढता त्याचे डोळे भरून आले. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं सोडायचे पुढचे दोन टोले येईपर्यंत वाट पाहिली, आणि ठोक्याचा आवाज विरल्याबरोबर बोलला.

"पाचर आहे."

"काय म्हणाला?" बारकीनं विचारलं.

"काट्याच्या फळीखाली पाचर आहे. उजव्या अंगाला." टण. तो मागे झुकला. वजन वर गेलं. "सागाची. करंगळीएवढी. मी वर उभा होतो तेव्हा दिसली." टण-टण. "तरी बरोबर आहे म्हणालो. ते खोटं बोललो. आता खरं बोलतोय."

"तोंड सांभाळ, सुतारा," ठेकेदार म्हणाला.

"लाकडाचं बोलतोय," सुतार म्हणाला. "लाकडाचं मला कळतं."

ठेकेदारानं होडीच्या दांड्याला हात घातला, जणू उतरून यावं. मग खालच्या गाळाकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. बायकांच्या होड्या कुणी न सांगता जरा जवळ सरकल्या होत्या. त्यानं काटेवाल्याला काहीतरी सांगितलं. इंजिन सुरू झालं. जाताना तो म्हणाला, "उद्या कागद घेऊन येतो."

"ये," आई म्हणाली. "ठेवायला आता जागा होतेय."

डोलकाठी गुडघाभर पाण्यात ठरलेल्या खुणेला टेकली, तेव्हा चौघांना कुणाशी बोलायचं त्राण नव्हतं. मेहुणा दारावर उताणा पडला आणि भरतीनं त्याचे कान भिजेपर्यंत उठला नाही.

घरी नळावर पाय धुताना सुतार म्हणाला, "आई, त्या दिवशी मी..."

"पुन्हा जाशील?"

"नाही."

"मग टाच नीट घास. चिखल सुकला की भेगा पडतात."

दुसऱ्या दिवशी बारकी आपली टोपली काट्यावर ठेवता ठेवता मुद्दाम वाकली. पाचर नव्हती. पण बाकी चौकटीवर गंज होता आणि उजव्या अंगाला, करंगळीएवढ्या जागेत, लोखंड स्वच्छ चकाकत होतं. तिनं ते मागच्या बाईला दाखवलं. मागचीनं तिच्या मागचीला दाखवलं. ठेकेदार कागद घेऊन आला नाही. त्यानं नवीन काटा मागवल्याचं जाहीर केलं, आणि तो येईपर्यंत जुनाच चालेल असंही.

तुळयांवर फळ्या ठोकायला नऊ दिवस लागले. फळ्या मोडीतल्या होड्यांच्या होत्या. एक निळी, दोन तांबड्या, एकीवर कुणाच्या तरी होडीच्या नावाची अर्धी अक्षरं. चालताना पायाखाली प्रत्येकीचा आवाज वेगळा येई. त्यांची होडी आता भरतीत थेट धक्क्याला लागे आणि मेहुणा टोपल्या ट्रॅक्टरवर टाकून बाजारात नेई. शिंपल्या मिटल्या तोंडानं पोचू लागल्या. पण दुसरं कुणी आलं नाही. चार दिवस बायकांच्या होड्या समोरून गेल्या. बायका धक्क्याकडे पाहत आणि वल्ही ठेकेदाराच्या बाजूला मारीत. ज्याच्याकडे रोज जायचं असतं त्याच्याशी वाकडं घ्यायला मन लवकर होत नाही, हे सुताराला आतून कळत होतं. त्याला त्यांचा राग आला नाही.

पाचव्या दिवशी तो एका सैल झालेल्या फळीचे खिळे ठोकत असताना धक्क्यावर सावली पडली. बारकीची होडी दहा हातांवर उभी होती, काठोकाठ भरलेली. पाणी कडेला यायला दोनच बोटं उरली होती. पलीकडे ठेकेदाराच्या धक्क्यावरची रांग इकडे तोंड करून उभी होती.

"इथे कुणाला विचारायचं?" बारकीनं आईला हाक मारली.

आई खाली चिखलात वाकून होती, पाय डोलवत. तिनं मान वर केली नाही. "मला काय विचारतेस. मी चिखलातली बाई. धक्का त्यानं बांधलाय."

बारकीनं सुताराकडे पाहिलं. त्या दिवशीचं कपडे वाळत घालण्याचं बोलणं दोघांनाही आठवत असावं. तिनं नजर क्षणभर पाण्यावर फिरवली. "होडी लावली तर तुझा नियम काय आहे ते आधी सांग. मागाहून नको."

सुतार उठून उभा राहिला. त्याच्या तोंडात दोन खिळे होते; ते त्यानं काढून खिशात टाकले. पलीकडच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचं त्यानं ठरवलं, आणि बोलला.

"नियम नाही. दोर टाक."

तिनं दोर फेकला. तो ओला, जड, चिखलाचा वास असलेला दोर त्यानं हवेतच झेलला, डोलकाठीभोवती दोन वेढे दिले आणि गाठ मारली. भरलेल्या होडीनं ओढ घेतली. दोर ताणला, त्यातून पाणी पिळून निघालं. खांब कुरकुरला आणि जागचा हलला नाही.

"घट्ट आहे का रे?" बारकीनं विचारलं. तिचा एक पाय अजून होडीतच होता.

"उतर," सुतार म्हणाला, आणि तिची पहिली टोपली घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले.